किंडरट्रान्सपोर्ट: आई-वडिलांना फलाटावर सोडून निघालेल्या मुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडमधली सुमारे १०,००० मुलं आई-वडिलांशिवाय ब्रिटनला पोचली. त्यांतली साडेसात हजारांच्या आसपास ज्यू होती. उरलेली बरीचशी मूळच्या ज्यू पण ख्रिस्ती झालेल्या घरांतली होती, काही हिटलरविरोधकांची. या सगळ्या मोहिमेला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात आणि तिच्यातून आलेली माणसं म्हातारपणीही स्वतःला ‘किंडर’, म्हणजे मुलं, असंच म्हणवून घेत.

ही गोष्ट बहुतेकदा सुटकेची म्हणून सांगितली जाते. ती सुटकेची आहेच. पण ऐकणारा जरा विचार करू लागला की त्याचे प्रश्न गाडीत बसलेल्यांकडून फलाटावर राहिलेल्यांकडे वळतात. म्हणून इथे सुरुवात तिथूनच केली आहे.

मुलं एकटीच का पाठवली? आई-वडील सोबत का गेले नाहीत?

कारण परवानगी फक्त मुलांना होती. आई-वडिलांना जायचं नव्हतं, घर-दुकान सोडवत नव्हतं, हा समज चुकीचा आहे. १९३८च्या अखेरीस व्हिएन्ना आणि बर्लिनमधल्या वकिलातींसमोर रांगा लागल्या होत्या. शांघाय, बोलिव्हिया, क्युबा, कुठलाही शिक्का चालणार होता.

ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारी होती. परक्या देशातले मोठे लोक आले तर ते नोकऱ्या घेतील, कामगार संघटना बिथरतील, ज्यूद्वेष वाढेल, अशी भीती सरकारला होती. मूल नोकरी मागत नाही. त्याला काही वर्षं सांभाळायचं, शिकवायचं आणि मग दुसऱ्या देशात पाठवून द्यायचं, असा हिशेब होता. म्हणून सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी व्हिसाची अट सैल केली आणि एका साध्या ओळखपत्रावर प्रवेश दिला. आई-वडिलांसाठी नियम होते तसेच राहिले.

गृहमंत्री सॅम्युअल होर यांनी २१ नोव्हेंबर १९३८ रोजी संसदेत बोलताना ज्यू पालकांपुढचा पेच किती भयंकर आहे हे स्वतःच मांडलं. तो पेच सुटावा म्हणून पालकांनाही घ्यावं, असा प्रस्ताव मात्र त्या भाषणात नव्हता. मला हे किंडरट्रान्सपोर्टमधलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाक्य वाटतं, जे उच्चारलंच गेलं नाही.

मोठ्यांना दार पूर्ण बंद होतं असंही नाही. घरकामाला बाया मिळत नव्हत्या, म्हणून मोलकरणीच्या परवान्यावर सुमारे २०,००० ज्यू स्त्रिया ब्रिटनमध्ये आल्या. त्यांत डॉक्टरांच्या बायका होत्या, स्वतः शिक्षिका असलेल्या होत्या. काही मुलांच्या आया अशाच पोचल्या. पण मालकिणीच्या घरात मुलाला ठेवून घेण्याची सोय क्वचितच असे, त्यामुळे आई एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात.

इतकं सगळं इतक्या घाईने कसं ठरलं?

९ आणि १० नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले गेले, ज्यूंची दुकानं फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून डाखाउ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत डांबलं. रस्त्यावर सांडलेल्या काचांवरून त्या रात्रीला ‘क्रिस्टालनाख्ट’ हे नाव पडलं. एका रात्रीत हजारो घरांतला बाप गायब झाला.

१५ नोव्हेंबरला ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ पंतप्रधान चेंबरलेन यांना भेटलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी जर्मनीत फिरून परिस्थितीचा अहवाल आणला. २१ तारखेला संसदेत चर्चा झाली, २५ला रेडिओवरून ‘एखादं मूल घरात घ्या’ असं आवाहन झालं आणि २ डिसेंबरला पहिली सुमारे दोनशे मुलं हारिच बंदरात उतरली. त्यांतली बरीच बर्लिनमधल्या एका ज्यू अनाथालयातली होती. ते त्याच नोव्हेंबरच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालं होतं. सरकारी काम तीन आठवड्यांत झालेलं इतिहासात फार कमी वेळा दिसतं.

नाझींनी मुलांना जाऊ कसं दिलं?

तेव्हा त्यांचं धोरण ज्यूंना देशाबाहेर हुसकण्याचं होतं, पैसा-मालमत्ता काढून घेऊन. ज्यूंच्या देशांतरावर पूर्ण बंदी ऑक्टोबर १९४१मध्ये आली, सामूहिक हत्याकांड सुरू झाल्यावर.

तरीही परवानगी सहज मिळत नव्हती. व्हिएन्नात हा कारभार आडोल्फ आइखमनच्या हातात होता. त्याला भेटायला ट्रूस वाइसमुलर नावाच्या डच बाई गेल्या. त्या स्वतः ज्यू नव्हत्या, एका बँकवाल्याच्या पत्नी. आइखमनने त्यांची टर उडवली, हात दाखवायला लावले, बूट काढायला लावले. शेवटी म्हणाला की येत्या शनिवारपर्यंत ६०० मुलं नेऊन दाखवा. हाताशी जेमतेम पाच दिवस होते. १० डिसेंबरला गाडी व्हिएन्नाहून सुटली. पाचशे मुलं इंग्लंडला गेली, शंभर नेदरलँड्समध्ये राहिली. वाइसमुलरबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. मुलं त्यांना ट्रूस मावशी म्हणत.

कोणत्या मुलांना जागा मिळायची?

बर्लिन आणि व्हिएन्नातल्या ज्यू संस्था याद्या करत. ज्यांच्यावर संकट जवळ आलंय त्यांना आधी घ्यायचं, असं ठरलं होतं: अटकेचा धोका असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं, अनाथालयातली मुलं, ज्यांचे वडील छावणीत आहेत ती.

पण इंग्लंडमधल्या कुटुंबांना हवी असायची सात ते दहा वर्षांची मुलगी, शक्यतो गोरी, सोनेरी केसांची. सोळा वर्षांचा दांडगा मुलगा कोणी मागत नसे, आणि जिवाला सगळ्यात जास्त धोका त्यालाच होता. आजारी, अपंग किंवा ‘वर्तन ठीक नाही’ असा शेरा असलेली मुलं यादीतून वगळली जात. म्हणजे एका घरातली दोन भावंडं पात्र आणि तिसरं अपात्र, असं होऊ शकत होतं. पहिल्या याद्या ओसरल्यावर ज्याच्यासाठी ब्रिटनमधून कोणी हमी भरेल त्याचा नंबर आधी लागू लागला.

खर्च कोणी केला? ब्रिटिश सरकारने?

नाही. सरकारची अट अशी की मुलांचा भार तिजोरीवर पडता कामा नये. पुढे दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली गेली, त्याच्या परतीच्या किंवा पुढच्या प्रवासासाठी. साध्या कामगाराची ती तीन-चार महिन्यांची कमाई होती. माजी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्या आवाहनातून ५ लाख पौंडांहून जास्त निधी जमला. बाकी ज्यू संस्था, क्वेकर, चर्च आणि पदरचे पैसे घालणारी हजारो साधी कुटुंबं.

आई-वडिलांच्या जिवाला हे पटलं तरी कसं?

पटलं नाहीच. पाच वर्षांचं मूल अनोळखी देशात, अनोळखी भाषेत, अनोळखी माणसाच्या हवाली करायचं हे कुणाला पटेल? वडील छावणीतून केस भादरलेल्या, मुकाट झालेल्या अवस्थेत परतलेले, मुलाला सरकारी शाळेतून काढून टाकलेलं, बागेतल्या बाकावर ज्यूंना बसायला मनाई. त्यात यादीत नाव आल्याचं पत्र यायचं आणि काही ठिकाणी तयारीला चार दिवसही नसायचे.

अनेकांनी मुलांना सांगितलं की थोडे दिवसांनी आम्हीही येतोय. काहींना ते खरंच वाटत होतं, कारण कुठल्या तरी देशाच्या अर्जावर त्यांचा क्रमांक लागलेला होता. लहानग्यांना ही सुट्टीतली सहल वाटली. थोडी मोठी मुलं आई-बापांवर चिडली: आपल्याला नकोसं केलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ही चीड काहींच्या मनात पुढे कितीतरी वर्षं राहिली, त्यांना स्वतःला मुलं होईपर्यंत.

निरोपाला गोंधळ होऊ नये म्हणून बऱ्याच स्टेशनांवर पालकांना फलाटावर जायला बंदी होती. प्रतीक्षागृहातच मुलाला सोडायचं. रडारड झाली तर पोलीस गाडी अडवतील, अशी आयोजकांनाही धास्ती असे. ब्रेस्लाउमध्ये एका वडिलांनी सुटत्या गाडीच्या खिडकीतून हात धरलेल्या मुलीला सोडलंच नाही, ओढून बाहेर काढलं. ती मुलगी पुढे तेरेझिनष्टाट, आउशवित्झ अशा छावण्यांतून गेली आणि वाचली. त्या बापाला दोष देणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही.

सोबत काय नेता येत असे?

स्वतःला उचलता येईल अशी एक छोटी पेटी, एक पिशवी आणि १० मार्क. दागिने, कॅमेरा, किमती वाद्य काही नाही. सरहद्दीवर नाझी अधिकारी डब्यात चढून पेट्या उलटसुलट करत. गळ्यात दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा नंबर आणि पेटीवर तोच नंबर.

आयांनी काय भरलं ते पाहिलं की त्यांचा हिशेब कळतो. दोन मापं मोठे कपडे, कारण मूल वाढणार आणि आपण तिथे नसणार. प्रत्येक रुमालावर नाव विणलेलं. फोटो. काहींनी हाताने लिहिलेल्या सूचना: कुणाचे आभार कसे मानायचे, केस कधी धुवायचे.

इतक्या लहान मुलांबरोबर कोणी मोठं माणूस नसे?

थोडे असत, पण ते परत यायच्या बोलीवर. सोबत गेलेला एक जरी ज्यू माणूस इंग्लंडमध्ये राहिला, तर पुढच्या गाड्या बंद, अशी तंबी होती. बर्लिनमध्ये नोर्बर्ट वोल्हाइम नावाचा पंचविशीतला तरुण या गाड्यांची आखणी करत असे. तो स्वतः मुलांबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि दर वेळी जर्मनीत परतला. १९४३मध्ये त्याला बायको आणि तीन वर्षांच्या मुलासह आउशवित्झला नेलं. ती दोघं मारली गेली, तो वाचला. युद्धानंतर आपल्याकडून वेठबिगारी करून घेणाऱ्या ‘ई. गे. फार्बेन’ या रसायन कंपनीवर त्याने खटला भरला आणि जिंकला. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात ज्याचं नाव शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवं, असा हा माणूस आहे.

गाडी डच हद्दीत शिरली की डच बाया डब्यांपाशी गरम कोको आणि पांढरा पाव घेऊन उभ्या असत. जवळपास प्रत्येक किंडरच्या आठवणीत हा कोको येतो. तिथून हुक ऑफ हॉलंड बंदर, रात्रीची बोट, सकाळी हारिच, आणि मग बऱ्याच जणांना आगगाडीने लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन.

ही सगळी मुलं निकोलस विंटन यांनीच वाचवली ना?

नाही. हा गैरसमज आता इतका पसरलाय की उत्तर जरा ठासून द्यावं लागतं. विंटन यांच्या यादीत ६६९ मुलं होती, सगळी प्रागहून निघालेली. उरलेली नऊ हजारांहून अधिक मुलं इतरांनी आणली.

विंटन हे लंडनमधले २९ वर्षांचे शेअरदलाल. बर्फावरच्या सहलीचा बेत रद्द करून मित्राच्या बोलावण्यावरून ते प्रागला गेले, तिथली निर्वासितांची दशा पाहिली आणि लंडनला परतून कागदपत्रांची बाजू सांभाळली. गृहखातं वेळ लावतंय असं दिसल्यावर त्यांनी काही परवाने चक्क बनावट केले. प्रागमध्ये राहून, गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, नाकाखाली प्रत्यक्ष गाड्या सोडण्याचं काम डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक यांचं. खरा धोका चॅडविकने पत्करला, हे विंटन स्वतःच सांगत. १९८८मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमातून त्यांची हकीकत जगापुढे आली. २०१५मध्ये, वयाच्या १०६व्या वर्षी ते वारले.

त्यांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ला सुटायची होती. मुलं होती सुमारे २५०. त्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि गाडी सुटलीच नाही. त्या मुलांपैकी जवळजवळ कोणीच वाचलं नाही.

इंग्लंडमध्ये पोचल्यावर त्यांचं काय झालं?

ज्यांचं घर आधी ठरलेलं होतं ती स्टेशनवरून थेट गेली. बाकीच्यांची रवानगी हारिचजवळच्या डोव्हरकोर्ट इथल्या उन्हाळी सुट्टीच्या शिबिरात. लाकडी खोल्या, गरम करण्याची सोय नाही आणि त्या वर्षी डिसेंबरात कडाक्याची थंडी. मुलं कोट-हातमोजे घालून जेवत.

रविवारी तिथे पाहुणे येत. मुलांना नीटनेटके कपडे घालून जेवणाच्या टेबलांशी बसवलेलं असे आणि लोक मधून फिरत, बघत, आपल्याला हवं ते मूल निवडत. आपल्याकडे मुलगी ‘दाखवायचे’ कार्यक्रम ज्यांनी सोसलेत त्यांना यावर वेगळं सांगायला नको. लहान आणि गोड दिसणारी लवकर जात. सतराच्या उंबरठ्यावरचे मुलगे रविवारमागून रविवार तिथेच. भावंडं तुटली, कारण दोघांना घेणारं घर मिळत नसे.

घरं सगळ्या तऱ्हेची होती. काहींनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. कोळसा खाणीतल्या कामगारांनी, निवृत्त शिक्षिकांनी, अविवाहित बहिणींनी मुलं घेतली. काही घरांत चौदा वर्षांची मुलगी म्हणजे बिनपगारी मोलकरीण झाली. काही मुलांवर अत्याचार झाले आणि ते सांगायला भाषाच नव्हती. वसतिगृहांत आणि शेतीशाळांत वाढलेली मुलं मात्र एकमेकांना धरून राहिली. कित्येक किंडर सांगत की वसतिगृहच बरं होतं, कारण तिथे कुणाचे उपकार मानत बसावं लागत नसे.

त्यातच सप्टेंबर १९३९मध्ये बॉम्बहल्ल्याच्या भीतीने शहरांतली मुलं खेड्यांत हलवली. नुकतं घर सापडलेल्या या मुलांची पुन्हा एकदा ताटातूट.

आई-वडिलांची पत्रं यायची का?

युद्ध लागेपर्यंत यायची, भरपूर. बरीच पत्रं मुलांना कामाला लावणारी असत: तिथल्या बाईंना विचार आमच्यासाठी हमीदार मिळेल का, बाबांना माळीकाम मिळेल का. दहा-अकरा वर्षांची मुलं अनोळखी घरांच्या दारांवर थाप मारून, मोडक्या इंग्रजीत आई-बापांसाठी नोकरी मागत फिरली. काहींना यश आलं. ज्यांना आलं नाही, त्यांच्या मनात तो सल कायमचा राहिला, जणू व्हिसा देणं त्यांच्या हातात होतं.

युद्ध सुरू झाल्यावर रेडक्रॉसचा एकच मार्ग उरला. जिनिव्हामार्गे जाणारा २५ शब्दांचा निरोप, पोचायला महिनोन्‌महिने. २५ शब्दांत काय मावणार? आम्ही बरे आहोत. अभ्यास कर. उत्तर पाठव. मग १९४१-४२च्या सुमारास एखादा निरोप यायचा की आम्ही प्रवासाला निघतोय. त्यानंतर काही नाही. उत्तर लिहायला त्या मुलांना आता जर्मन आठवेनासं झालं होतं, ही आणखी एक गोष्ट.

ब्रिटनने याच मुलांना नंतर ‘शत्रू’ म्हणून कैद केलं, हे खरं आहे?

खरं आहे. मे-जून १९४०मध्ये फ्रान्स कोसळत असताना ब्रिटनमध्ये घबराट पसरली आणि जर्मन-ऑस्ट्रियन पासपोर्टवाल्यांची सरसकट धरपकड झाली. सोळा पूर्ण झालेली मुलंही त्यात सापडली. सुमारे १,००० किंडर कैदेत गेले, बरेचसे आयल ऑफ मॅनवर. काहींना तर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला पाठवलं. ‘ड्युनेरा’ या जहाजातून जुलै १९४०मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या अडीच हजारांवर कैद्यांत किंडरही होते. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली आणि पहारेकऱ्यांनी त्यांचं उरलंसुरलं सामान लुटलेलं. चूक लक्षात आल्यावर बहुतेकांना टप्प्याटप्प्याने सोडलं. त्यांतले कित्येक थेट ब्रिटिश लष्करात भरती झाले आणि जर्मनांच्या हाती लागलो तर जीव वाचावा म्हणून त्यांनी इंग्रजी नावं घेतली.

ख्रिस्ती घरांत वाढलेल्या ज्यू मुलांच्या धर्माचं काय?

यावर तेव्हाही कडाक्याचे वाद झाले. ज्यू घरं पुरेशी मिळाली नाहीत, म्हणून बरीच मुलं ख्रिस्ती कुटुंबांत गेली. काही घरांनी मुलाला सिनेगॉगमध्ये जाण्याची सोय करून दिली, काहींनी बाप्तिस्मा दिला. सॉलोमन शोनफेल्ड नावाचे तरुण राबाय (ज्यू धर्मगुरू) यावरून आयोजकांवर सतत तुटून पडत. त्यांनी स्वतःही शेकडो सनातनी ज्यू मुलं आणली. १९४४मध्ये या मुलांच्या पालकत्वाचा कायदा झाला आणि लॉर्ड गोरेल हे एकच गृहस्थ हजारो मुलांचे कायदेशीर पालक बनले.

युद्धानंतर किती जणांना आई-वडील परत मिळाले?

बऱ्याच जणांना मिळाले नाहीत. अनेकांचे दोघेही गेले: लोद्झ, मिन्स्क, रिगा, आउशवित्झ. बातमी कळायची तीही रेडक्रॉसच्या यादीतून, नावापुढच्या एका शेऱ्यातून. काहींना नेमकी जागा आणि तारीख कळायला जर्मनीतली दप्तरं खुली होईपर्यंत थांबावं लागलं. तोवर ते स्वतः निवृत्त झाले होते.

ज्यांचे आई-वडील वाचले त्यांची भेट गोड झाली असेल असं आपण धरून चालतो. सहा वर्षांचं मूल बारा-तेरा वर्षांचं झालेलं. ते इंग्रजी बोलतंय, आईला इंग्रजी येत नाही. ते ज्यांना आई-बाबा म्हणतं ती माणसं दारात उभी आहेत आणि समोर छावणीतून आलेली एक खंगलेली बाई. काही मुलांनी तिच्याबरोबर जायला साफ नकार दिला. काही गेली आणि आयुष्यभर तिच्याशी परक्यासारखी वागली. पुढे ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर उद्योगात मोठं नाव कमावलेल्या स्टेफनी शर्ली वयाच्या पाचव्या वर्षी, नऊ वर्षांच्या बहिणीबरोबर आल्या होत्या. त्यांचे आई-वडील दोघंही वाचले; पण पुन्हा ते नातं जुळलंच नाही, असं त्या उघडपणे सांगत.

या मुलांना ‘तुम्ही नशीबवान’ असं लोक म्हणत. छावणीतून वाचून आलेल्यांपुढे आपलं दुःख मोजायचं कसं, म्हणून तीही गप्प बसली. बर्था लेव्हर्टन या किंडर बाईंनी १९८९मध्ये लंडनला पहिला मोठा मेळावा भरवला. हजारावर माणसं आली. साठीला टेकलेल्यांतल्या कितीतरी जणांना तोवर आपल्यासारखे दहा हजार होते हेच माहीत नव्हतं.

अमेरिकेने मुलं घेतली नाहीत का?

संघटितपणे, अशी नाही. दोन वर्षांत २०,००० मुलं घेण्याचं वॅग्नर-रॉजर्स विधेयक १९३९मध्ये मांडलं गेलं आणि मतदानापर्यंत न पोचताच बारगळलं. स्वीडनने सुमारे ५०० मुलं घेतली. नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंडनेही काही घेतली. त्यांतल्या पहिल्या तीन देशांवर १९४०मध्ये जर्मन फौजा चालून आल्या आणि तिथली मुलं पुन्हा सापळ्यात अडकली. नेदरलँड्सनी शरणागती पत्करली त्या दिवशी, १४ मे १९४०ला, वाइसमुलरबाईंनी ॲमस्टरडॅमच्या अनाथालयातली ७४ मुलं बसमधून बंदरावर आणून ‘बोडेग्राव्हेन’ या बोटीत चढवली. ती शेवटची बोट. बाई स्वतः नवऱ्याकडे परत गेल्या.

भारतात अशी मुलं आली होती का? कोल्हापूरच्या वळिवड्याची छावणी हीच का?

महाराष्ट्रातून हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा जरा सविस्तर.

किंडरट्रान्सपोर्टची गाडी भारतात आली नाही. मुंबईत १९३४पासून ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था युरोपातून येणाऱ्या ज्यूंना मदत करत होती, पण ते मुख्यतः मोठी माणसं आणि कुटुंबं.

वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहांनी पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला, त्यांतली काही मुलं पुढे वळिवड्याला आली. हे लोक बहुतांशी कॅथलिक होते. त्यांना घराबाहेर काढलं ते सोव्हिएत सत्तेने: १९४०-४१मध्ये पूर्व पोलंडमधून सैबेरियात हद्दपारी, १९४१मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर सुटका, मग मध्य आशियातली उपासमार आणि टायफस, आणि १९४२मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून इराण.

मात्र याच लोंढ्यात सुमारे हजार ज्यू मुलंही होती आणि त्यांची कहाणी आपल्या विषयाशी जुळते. समरकंद-बुखाराच्या बाजूला भुकेने मरणाऱ्या ज्यू आई-बापांनी निदान खायला मिळेल म्हणून मुलांना पोलिश अनाथालयांच्या दारात सोडलं. काहींनी ‘आम्हाला कोणी नाही’ असं सांगायला पढवलं. ही मुलं तेहरानच्या तंबूंत पोचली. तिथून पॅलेस्टाइनला न्यायचं तर इराकने वाट नाकारली. म्हणून जानेवारी १९४३मध्ये सातशेहून अधिक मुलं इराणी आखातातून बोटीने कराचीला आणली आणि तिथून समुद्रमार्गे सुएझला. कराचीपर्यंतची बोट होती तीच, ‘ड्युनेरा’. कराचीत त्यांना उन्हाच्या टोप्या मिळाल्या. १८ फेब्रुवारी १९४३ला ती पॅलेस्टाइनमधल्या अतलितच्या छावणीत उतरली, तेव्हाच्या फोटोंत त्या भल्यामोठ्या साहेबी टोप्या डोक्यावर दिसतात. कराचीत त्या काळी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंची नांदती वस्ती होती, त्यांचा सिनेगॉग १८९३चा. इस्रायलमध्ये ही मुलं ‘तेहरानची मुलं’ म्हणून ओळखली जातात.

किंडरपैकी कोणी पुढे प्रसिद्ध झालं का?

हो. वॉल्टर कोन (रसायनशास्त्राचं नोबेल, १९९८) व्हिएन्नाचे. त्यांना कैद करून कॅनडाला पाठवलं होतं आणि त्यांचे आई-वडील आउशवित्झमध्ये मारले गेले. आर्नो पेन्झियस (पदार्थविज्ञानाचं नोबेल, १९७८) म्युनिकचे. प्रागहून सहाव्या वर्षी आलेले आल्फ डब्ज ब्रिटिश संसदेत पोचले. पण वाचवलेल्या मुलाने नोबेल मिळवलं म्हणून वाचवणं सार्थ झालं, असा सूर या प्रश्नात कधी कधी असतो. बहुतेक किंडर नर्स, शिंपी, शिक्षक, दुकानदार झाले.

जर्मनीने भरपाई दिली का?

डिसेंबर २०१८मध्ये, ऐंशी वर्षांनी, हयात किंडरना प्रत्येकी २,५०० युरो एकरकमी मंजूर झाले.

आज अशी वेळ आली तर नियम बदललेत का?

आल्फ डब्ज यांनी २०१६मध्ये युरोपात एकट्या अडकलेल्या निर्वासित मुलांना ब्रिटनने घ्यावं म्हणून कायद्यात दुरुस्ती करून घेतली. अपेक्षा ३,००० मुलांची होती, सरकारने ४८०वर मर्यादा घातली. आणि एकट्या आलेल्या मुलाला आश्रय मिळाला तरी आई-वडिलांना बोलावून घेण्याचा सरळ हक्क त्या देशाच्या नियमांत नाही.

लंडनला जाणं झालं तर काय पाहता येईल?

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर फ्रँक माइस्लर यांनी घडवलेला मुलांचा आणि पेट्यांचा पुतळासमूह आहे. माइस्लर स्वतः डान्झिगहून, म्हणजे आजच्या ग्दान्स्कहून, याच मार्गाने आले होते. त्यांचीच शिल्पं बर्लिनच्या फ्रीड्रिखश्ट्रासे स्टेशनजवळ, हॅम्बर्ग, ग्दान्स्क आणि हुक ऑफ हॉलंडलाही आहेत. ओळीने पाहिली तर आख्खा प्रवास होतो. प्रागच्या मुख्य स्टेशनावर विंटन यांचा पुतळा आहे, आणि तिथेच रेल्वेच्या दाराचं एक स्मारक: काचेच्या एका बाजूला मुलांचे हात, दुसऱ्या बाजूला आई-वडिलांचे.

एक दिवस हाताशी असेल तर लिव्हरपूल स्ट्रीटवरूनच हारिचची गाडी पकडा, मॅनिंगट्रीला बदलावी लागते. हारिचच्या धक्क्यावर २०२२मध्ये उभारलेलं स्मारक आहे. गर्दीच्या वेळी लिव्हरपूल स्ट्रीटला फोटो काढणं जमत नाही, तेव्हा तिथे सकाळी लवकर जा.